जोंग्याचा पाटा

भाऊबीजेच्या दिवशी सकाळपासून आमची आई दर पाच मिनिटांनी दारात येऊन उभी राहते. तिला मोटारींचे आवाज ओळखता येत नाहीत. रस्त्याने ट्रॅक्टर गेला तरी ती ‘बस आली वाटते’ म्हणते. परंतु एका गाडीचा आवाज ती देवघरात बसूनसुद्धा ओळखते. तो माझ्या मामांच्या जोंग्याचा. सहा सिलिंडरांचे ते पेट्रोल इंजिन गल्लीच्या तोंडाशी आले की शेजारच्या दोन घरांतली भांडी फळीवर थरथरतात. आई म्हणते, “आला रे, लष्कर आलं!” आणि निरांजन शोधायला आत पळते.

मामा सैन्यात मोटारचालक होते. १९७० साली भरती झाले आणि १९९४ साली निवृत्त होऊन साकोलीला घर बांधून राहिले. ह्या चोवीस वर्षांत त्यांना भाऊबीजेला तुमसरला येता आले ते फक्त तीन वेळा. बाकीची एकवीस वर्षे आईने चंद्राला ओवाळले. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी एकही भाऊबीज चुकवलेली नाही, आणि २००१ साली लष्कराच्या लिलावातून निघालेला हा जोंगा घेतल्यापासून ते दुसऱ्या कोणत्याही वाहनाने आलेले नाहीत. वय आता शहात्तर. पुण्याला असलेला मामेभाऊ दरवर्षी सांगतो, “बाबा, ही गाडी भंगारात द्या, मी चांगली लहान गाडी घेऊन देतो.” मामा दरवर्षी ऐकून घेतात आणि गाडीला ऑइल बदलायला नेतात.

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात कोक्याच्या जंगलातल्या रस्त्यावर, एका पुलाच्या तोंडाशी, जोंग्याचा मागचा डावा पाटा तुटला. मी शेजारी बसलो होतो. बंदुकीसारखा आवाज झाला, गाडी डावीकडे बसली, आणि मामा शांतपणे म्हणाले, “मेन पाटा गेला.” मग त्यांनी रस्त्याकडेचे एक सागाचे लाकूड चॅसी आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकले, तारेने आवळले, आणि बैलगाडीच्या चालीने आम्ही साकोली गाठली. मामेभावाला फोनवर हे कळले तेव्हा त्याने एकच वाक्य उच्चारले: “आता तरी विका.” भंगारवाला दुसऱ्या दिवशी येऊन वजनाचा भावही सांगून गेला. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “तू मास्तर हायेस ना गा? मंग शोधून दे पाटा. भाऊबीजेले तुमसरले जायाचं हाये.”

हातात पाच आठवडे होते. एक लोखंडी पट्टी शोधायला पाच आठवडे म्हणजे चैनच, असे मला वाटले. त्या पाच आठवड्यांत मी जे शिकलो ते येथे सांगतो.

आधी पाटा म्हणजे काय ते पाहू. आमच्या झाडीपट्टीत बैलगाडीला कमान नसते. रेंगी असो की खाचर, कण्याला बसलेला धक्का थेट बसणाऱ्याच्या मणक्यात पोहोचतो. शंकरपटात छकडा हाकणाऱ्यांना विचारा. कमान पहिल्यांदा आमच्या लोकांनी पाहिली ती टांग्याखाली. पोलादी पट्ट्यांची कमान बग्गीला लावण्याची कल्पना युरोपात सतराव्या शतकापासून होती. पण १८०४ साली लंडनमधील ओबाडिया इलियट नावाच्या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिराने बग्गीचा साठाच थेट कमानींवर बसवण्याचे पेटंट घेतले, खालचा जड लाकडी दांडा काढून टाकला, आणि हलकी, मऊ चालणारी बग्गी सामान्य धनिकाच्या आवाक्यात आली. मोटार आली तेव्हा तिने घोडा टाकून दिला, पण कमान तशीच ठेवली. आजही आपल्या राष्ट्रीय महामार्गावरून जाणाऱ्या बहुतेक ट्रकांखाली तीच कमान आहे.

एकाच जाड पट्टीऐवजी पाचसात पातळ पाटे एकावर एक का ठेवतात, हे मी वर्गात मुलांना असे दाखवतो. शंभर पानी वही हातात घेऊन वाकवा; सहज वाकते, कारण पाने एकमेकांवरून सरकतात. आता तीच पाने डिंकाने चिकटवून पुठ्ठा करा आणि वाकवून पाहा. पाट्यांचे तेच आहे. शिवाय ते एकमेकांवर घासत असल्यामुळे गाडीची उसळी थोडी आपोआप जिरते. उरलेली जिरवायला शॉकअॅब्सॉर्बर, ज्याला आमचे मेकॅनिक ‘शॉकप’ म्हणतात. अमेरिकेत गॅब्रिएल नावाने ज्याचे शॉकप प्रसिद्ध झाले तो क्लॉड फॉस्टर मुळात वाद्य वाजवणारा माणूस. त्याने आधी मोटारीच्या धुरावर वाजणारा भोंगा काढला आणि मग धक्के शोषणारे यंत्र. त्याच नावाचा कारखाना १९६१ साली मुंबईत निघाला. जपानमध्ये शिरो कायाबा नावाच्या गृहस्थाने १९१९ साली संशोधनशाळा काढली. विमानांच्या चाकांसाठी तेलाच्या दाबावर चालणारी उपकरणे करता करता तो कारखाना पुढे मोटारींच्या शॉकपवर आला. आज मोटारीच्या दुकानात ‘केवायबी’ अशी अक्षरे असलेला डबा दिसतो तो त्याचाच.

सर्व पाट्यांत वरचा, दोन्ही टोकांना डोळे वळवलेला, तो मेन पाटा. बाकीचे पाटे वजन उचलायला मदत करतात. पण अॅक्सलला जागेवर धरून ठेवतो तो हाच. तो तुटला आणि वेग असला तर अॅक्सल मागे सरकतो व गाडी मालकाच्या इच्छेविरुद्ध वळते. म्हणूनच लष्करी गाड्यांत पुष्कळदा दुसऱ्या पाट्याचे टोकही पहिल्याच्या डोळ्याभोवती अर्धवट गुंडाळलेले असते. पहिला गेला तर दुसरा धरून ठेवावा म्हणून. कोक्याच्या पुलावर आम्ही दोघे त्या गुंडाळीमुळे वाचलो, असे मामांचे मत आहे. आईला हे अजून सांगितलेले नाही. अंक छापून आल्यावर कळेलच.

आता ही गाडी कोणती? ‘जोंगा’ हा शब्द ऐकून पुष्कळांना तो नागालँडातला किंवा आफ्रिकेतला वाटतो. तो आहे जबलपूरचा. जबलपूरच्या लष्करी आणि तोफगाडा कारखान्यांत जोडणी झालेली गाडी, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरे घेऊन तो बनवलेला आहे. तेथला तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा; व्हेईकल फॅक्टरी १९६९ सालची. आमच्या जिल्ह्याला जबलपूर काही परके नव्हे. गोंदियाहून लहान रेल्वेने सातपुडा ओलांडून माणसे तिकडे जात. ती लाइन आता ब्रॉडगेज झाली. आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला १९६४ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला तेव्हापासून तर जबलपूरच्या गाड्या, जबलपूरची माणसे आणि जबलपूरची बदली हे शब्द येथे नेहमीचे झाले.

पण जबलपूरने ही गाडी घडवली ती जपानी परवान्यावर. मूळ गाडी निसान कंपनीची, नाव पेट्रोल. हे पेट्रोल टाकीतले नव्हे, पहाऱ्यावर फिरणारे. तिचा जन्मही युद्धाच्या छायेतला. १९५० साली कोरियात युद्ध पेटले, जपानने आपले राखीव पोलीसदल उभारले, आणि त्या दलाला जीपसारखी गाडी हवी झाली. टोयोटाने एक नमुना केला, निसानने एक केला. ऑर्डर मिळाली ती मित्सुबिशीला, कारण ती अमेरिकन विलीस जीपच परवान्याने बांधायला तयार झाली. हरलेल्या दोघांनी आपापले नमुने टाकून दिले नाहीत. टोयोटाचा पुढे लँड क्रूझर झाला. निसानचा १९५१ चा नमुना म्हणजे पेट्रोल. १९६० साली त्याची नवी आवृत्ती आली, साठ क्रमांकाची. तिच्याच एका गाडीतून रेग स्प्रिग हा भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियातले सिम्पसनचे वाळवंट ओलांडून गेला. मोटारीने ते ओलांडणारा तो पहिला. वाळूच्या शेकडो टेकड्या त्या गाडीने पार केल्या त्या पाट्यांवर.

आणखी मागे गेले तर निसानने आपली १९३७ सालची मोठी मोटार काढली ती अमेरिकेतल्या ग्रॅहम-पेज कंपनीचे आराखडे व यंत्रे विकत घेऊन. म्हणजे आमच्या मामांच्या जोंग्याची मातृभूमी जबलपूर, आजोळ जपान आणि पणजोळ अमेरिका. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि आयात केलेल्या मोटारीचे १५,००० वरून ४०,००० वर. मामांच्या गाडीचे नूतनीकरण करताना खिडकीपलीकडच्या तरुण गृहस्थांनी इंजिनावरचे नाव वाचून विचारले, “आजोबा, ही गाडी जपानी की इथली?” मामा ताठ उभे राहून म्हणाले, “जबलपुरी!” पस्तीस हजार रुपये वाचवणारे इतके लहान उत्तर मी दुसरे ऐकलेले नाही.

गाडी लष्करात १०६ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ पाठीवर घेऊन फिरली, अधिकाऱ्यांना घेऊन फिरली, रुग्णवाहिका झाली. इंजिन जवळजवळ चार लिटरचे, आणि पेट्रोलची तहान त्या मानाने. १९९९ साली जबलपूरला तिचे उत्पादन थांबले. हलक्या गाड्यांनी, विशेषतः मारुतीच्या जिप्सीने, तिची जागा घेतली. योगायोग असा की त्याच वर्षी आमच्या भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. मामांच्या बोलण्यात ह्या दोन गोष्टी नेहमी जोडीने येतात, जणू दोन्हींचा निर्णय एकाच टेबलावर झाला असावा.

इतकी वंशावळ मी आधी जाणून घेतली असती तर बरे झाले असते. पण मी अडाण्यासारखा नागपूरला गेलो आणि पहिल्याच दुकानात म्हणालो, “निसानचा पाटा द्या.”

काउंटरवरच्या मुलाने विचारले, “मॅग्नाइट?” त्याचा काही दोष नाही. तो जन्मला तेव्हा जोंगा बंद होऊन गेला होता. आतून त्याचे वडील आले. निसान म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले, “जुना माल आहे” म्हणत त्यांनी पोटमाळ्यावरून गंजलेला, पण कोरा पाटा काढला, पुसला, आणि सांगितले, “अस्सल निसान.” मी आनंदाने पैसे मोजले. साकोलीला मामांनी तो हातात घेतला, एकदा उचलून पाहिला आणि जमिनीवर ठेवला. “हा वन-टनचा हाये.” जबलपूरला निसानच्या परवान्यावर दोन गाड्या झाल्या, एक जोंगा आणि दुसरा एक टन वजन वाहणारा ट्रक. लष्करात दोघांनाही निसानच म्हणत. ट्रकाचा पाटा जोंग्याला घालणे म्हणजे आजोबांचा जोडा नातवाला.

दुसऱ्या दुकानात मी शहाणा होऊन गेलो. म्हणालो, “निसान, पण ट्रकाचा नको.” तेथे तिसरीच निसान निघाली. वाचकांना आठवत असेल, १९८०च्या दशकात आपल्याकडे जपानी जोडनावांची लाटच आली होती. डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी. चारही लहान मालमोटारी, चारही जपानी सहकार्याने बांधलेल्या, आणि त्यांतल्या आज कोणाच्याच पाठीवर ते जोडनाव उरलेले नाही. ऑल्विन महिंद्राकडे गेली, डीसीएमची टोयोटा जाऊन देवू आली, माझदाच्या जागी इसुझू आली. गाड्या मात्र गावोगाव राहिल्या, आणि त्यांचे पाटे दुकानांत राहिले, जुन्या नावांनी. मला दाखवला तो ऑल्विनचा. ह्या खेपेला मी विकत घेतला नाही. एवढी प्रगती झाली होती.

सुट्या भागांच्या बाजारात मालाच्या तीन जाती आहेत, आणि गिऱ्हाइकाच्या कपड्यांकडे पाहून त्यांपैकी एक पुढे येते. पहिला कंपनीचा: गाडी बांधणाऱ्याच्या डब्यातला. दुसरा बाहेरचा: दुसऱ्याच कारखान्यात झालेला, पण मापाने आणि नावानिशी विकला जाणारा. हा पुष्कळदा कंपनीच्या तोडीचा असतो; कारण कंपनीलाही माल पुरवणारा कारखाना कधी कधी तोच. तिसरा लोकल: ज्याचा बाप सांगता येत नाही. चालू गाडीच्या मालकाला ह्या तिघांतून निवड करता येते. बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला पहिला मिळत नाही, दुसरा कोणी करीत नाही, आणि तिसरा ‘पहिला’ म्हणून मिळतो.

ह्याचा अनुभव मला उत्तरेकडून आलेल्या पार्सलाने दिला. लष्करी गाड्यांचे जुने भाग विकणाऱ्या एका दुकानाचा पत्ता मामांच्या पलटणीतल्या मित्राने दिला. दुकानदाराने फोनवर आधी मला हे ऐकवले की २०१९ साली महेंद्रसिंग धोनी रांचीच्या रस्त्यावर जोंगा चालवताना दिसल्यापासून भाव चढले आहेत. धोनीमुळे वाढलेले पैसे मी पाठवले. नवरात्रात पार्सल आले. पाटा दिसायला हुबेहूब. रुंदी तीच, डोळे तेच, रंगसुद्धा लष्करी हिरवा. आमच्या साकोलीच्या मेकॅनिकने तो बसवायला घेतला आणि दोन तासांनी काढून ठेवला. सेंटर बोल्टचे भोक चुकीच्या जागी होते.

हे भोक मधोमध असते असा माझा समज होता. नाव तर ‘सेंटर’ बोल्ट! अनेक गाड्यांत ते मधोमध नसते. पुढच्या डोळ्यापासून त्याचे अंतर कमी, मागच्यापासून जास्त, असे ठेवलेले असते. अॅक्सल त्याच बोल्टाच्या जागी बसतो. भोक दोन बोटे सरकले की चाक दोन बोटे सरकले. एका बाजूचे चाक पुढे, दुसऱ्या बाजूचे मागे, आणि गाडी रस्त्यावरून खेकड्यासारखी तिरकी चालणार. भोक पुन्हा दुसरीकडे पाडावे, असे मी सुचवले. मेकॅनिक माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला की मी गप्प बसलो. पाट्यावर सर्वांत जास्त ताण मध्यावर येतो. तेथे दोन भोके पाडणे म्हणजे तो कोठे तुटावा हे आधीच ठरवून देणे.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने मग ऑस्ट्रेलियातल्या मालाची यादी काढून दिली. रेग स्प्रिगच्या देशात जुन्या निसान पेट्रोलचे शौकीन अजून आहेत. पण साठ क्रमांकाची पेट्रोल निघाली तीन लांब्यांत; दोन चाकांमधले अंतर २,२०० मिलिमीटर, २,५०० आणि २,८०० मिलिमीटर. यादीत नुसते ‘साठ’ लिहिलेले. शिवाय किमतीत जहाजभाडे आणि जकात मिळवली तेव्हा मामेभावाचा भंगारवाला मलाही बरा वाटू लागला. दसरा झाला होता.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, शेवटचा उपाय म्हणून, तुटलेल्या पाट्याचे दोन्ही तुकडे घेऊन मी भंडाऱ्याला महामार्गावरच्या एका कमानवाल्याकडे गेलो. मुंबई-कलकत्ता रस्ता आमच्या जिल्ह्याच्या अंगावरून जातो. त्यावर दिवसरात्र ट्रक, आणि ट्रक तेथे कमान, कमान तेथे कमानवाला. पत्र्याचे छप्पर, कोळशाची भट्टी, ऐरण, तेलाचा पिंप, आणि भिंतीला टेकवलेले शेकडो पाटे. मिस्त्री साठीच्या पुढचे. मी सुरुवात केली, “ही गाडी जोंगा, मूळ निसान पेट्रोल, साठ क्रमांकाची, जबलपूरला...”

त्यांनी हात वर केला. “गुरुजी, नाव नका सांगू. माप सांगा.”

माझ्या झोळीत माप नव्हते. महिनाभर मी नावे घेऊन फिरलो होतो. निसान, जोंगा, पेट्रोल. मिस्त्रींनी एका फाटक्या वहीच्या पानावर काय काय हवे ते लिहून दिले. पाट्याची रुंदी. जाडी. दोन डोळ्यांमधली लांबी, सरळ धरून आणि कमानीत धरून. पुढच्या डोळ्यापासून सेंटर बोल्टचे अंतर. डोळ्याच्या आतला घेर, म्हणजे बुश कोणता बसेल ते. पाटे किती, आणि प्रत्येकाची लांबी. कमानीची उंची: तुटलेल्या बाजूची नव्हे, उजव्या, चांगल्या बाजूची, तीही गाडी जॅकवर उचलून, वजन काढून. “आणि जाडी टेपनं नका मोजू,” ते म्हणाले, “अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडते.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर, रीतसर वहीत नोंद करून, साकोलीला नेला. चाळीस वर्षे पोरांनी त्यावर काचेच्या गोळ्या मोजल्या होत्या. त्याला प्रथमच खरे काम मिळाले. पाटा उघड्या भागात गंजाने खाल्ला होता. मामांनी सांगितले, “क्लिपेच्या खाली मोज, तिथं हवा लागली नाही.” खरेच तेथली जाडी वेगळी भरली.

हा अर्धा मिलिमीटर एवढा महत्त्वाचा का, हे मला गणिताने पटले. १६७८ साली रॉबर्ट हुक याने सांगितले की कमान जितकी दाबावी तितकी ती उलट दाबते. भार दुप्पट, तर वाकणे दुप्पट. पण पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. समजा सात मिलिमीटरच्या जागी आठचा पाटा घातला. आपण म्हणू, सातास आठ, किंचित जास्त. परंतु सातचा घन ३४३ आणि आठचा ५१२. म्हणजे तो पाटा जवळजवळ दीडपट कडक. लांबीचे उलट: एकदशांश लांबी कमी झाली तर कडकपणा सुमारे सव्वापटीहून अधिक वाढतो. एका बाजूला असा कडक पाटा आणि दुसऱ्या बाजूला जुना मऊ, म्हणजे गाडी प्रत्येक खड्ड्यात एका खांद्यावर कलणार, आणि भार पुन्हा त्याच पाट्यावर येऊन तो पुन्हा तुटणार. मी पंधरा वर्षे मुलांकडून घन पाठ करून घेतले. ते कशाला उपयोगी पडतात असे एकानेही विचारले नाही, हे माझे नशीब.

मापांचा कागद पाहून मिस्त्री भिंतीशी गेले आणि एक एक पाटा बोटाने वाजवीत हिंडले. शेवटी त्यांनी एक काढला. कोणत्या गाडीचा ते त्यांनाही आठवत नव्हते. रुंदी आणि जाडी जुळत होती. लांबी जास्त होती, ती कापता येते. एक टोक भट्टीत लाल करून डोळा वळवला, मग दुसरे मापाने. भोक पाडले. मग तो चेरीच्या रंगाचा होईपर्यंत तापवला. पुस्तकात ह्या जातीच्या पोलादाला साडेआठशे अंशांच्या आसपास तापवावे असे दिलेले असते; मिस्त्री रंगावर जातात. तेलात विझवला. विझवलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ, म्हणून पुन्हा कमी आचेवर शेकून त्याची ऐट उतरवली. शेवटी ऐरणीवर ठोकून कमान साधली, उजव्या बाजूच्या उंचीशी ताडून. आणि वर म्हणाले, “एक बदलून चालत नाही. उजवीकडचाही मेन पाटा करून घ्या, आणि शॉकप दोन्ही नवे. उघडे आणि मिटलेले, दोन्ही मापं घेऊन या.” शॉकप मात्र गॅब्रिएलचा बाहेरचा माल, मापावर, तासाभरात मिळाला.

ठोकठोक चालू असताना मी विचारले, हे पोलाद कोठले? ते म्हणाले, “कोणाले माहीत. आपल्या वरठीचंही असेल.” हे थट्टेने म्हटले असले तरी अगदीच अशक्य नाही. भंडारा रोड स्टेशनाशी, वरठीला, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. कमानींचे पोलाद हा त्याच्या मालांपैकी एक, आणि जपानच्या दायदो स्टील कंपनीचाही त्यात भाग आहे. कमानीच्या पोलादात कर्ब अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, सिलिकॉन दीड ते दोन टक्के, आणि मँगनीज टक्क्याच्या आसपास. ते मँगनीज तर आमच्या तुमसरच्या उशाशीच. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथल्या खाणी मोईलच्या. ती कंपनी १९६२ सालची, पण तिचे मूळ १८९६ सालच्या इंग्रज कंपनीत आहे. लहानपणी शाळेला जाताना आम्ही मँगनीजने काळ्या झालेल्या ट्रकांमागे धावत असू. जपानी गाडीचा भाग शोधायला मी नागपूर, उत्तर हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया केले, आणि हे मँगनीज आमच्या परसात होते.

पाटे धनत्रयोदशीला बसले. मिस्त्रींनी सांगितले होते की नवे यू-बोल्ट शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळावे, म्हणून मामा नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून एकटेच गाडी घेऊन गेले आणि लाखनी-साकोली अशा खेपा घालत शंभर किलोमीटर भरून आले. पेट्रोलचा हिशेब त्यांनी कोणाला दिला नाही. वन-टनचा पाटा मी नागपूरला परत नेला नाही. तो मिस्त्रींच्या भिंतीला लागला आहे, माप लिहून.

भाऊबीजेला साडेदहाच्या सुमारास आईने देवघरातून हाक मारली, “आला रे!” मला अजून काही ऐकू आले नव्हते. मग शेजारची भांडी थरथरली. मामा लष्करी कोट घालून उतरले, मागे गाडीकडे एकदा पाहिले, डावी आणि उजवी बाजू सारखी उभी होती. ओवाळणे झाले. मामांनी ताटात पाचशेची नोट ठेवली आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. तुटलेल्या मेन पाट्याचा लांब तुकडा त्यांनी साकोलीच्या लोहाराकडून ठोकून घेऊन त्याची पावशी करून आणली होती. पुण्यामुंबईकडे तिला विळी म्हणतात. पाट्याच्या पोलादाला धार राहते, हे आमच्याकडच्या प्रत्येक लोहाराला ठाऊक आहे.

आईने ती तेव्हाच पाटावर मांडली आणि भाजीचा कोहळा चिरायला घेतला. पहिल्याच फोडीला तिचे बोट कापले. “लय धार हाये रे हिले,” ती म्हणाली, आणि बोट तोंडात धरून हसत सुटली.